सत्यप्रत

गेली बावीस वर्षे मी एका बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला ‘असोसिएट’ म्हणतात; पण खुर्ची तीच आहे, वरचा पंखाही तोच आहे, तेव्हा मी स्वतःला कारकूनच समजतो. या बावीस वर्षांत ‘डुप्लिकेट’ हा शब्द मी दिवसातून चार-पाच वेळा तरी उच्चारला आहे आणि तोही आदराने. डुप्लिकेट पासबुक, डुप्लिकेट डिमांड ड्राफ्ट, ठेवपावतीची डुप्लिकेट. ती मागायला येणारा खातेदार कसा मान खाली घालून येतो! अर्ज करतो, पावती कशी हरवली त्याची कहाणी सांगतो, स्टॅम्पपेपरवर हमीपत्र लिहून देतो, जामीनदार आणतो आणि साहेब जेवून येईपर्यंत बाकावर बसून राहतो. तेव्हा कुठे त्याच्या हातात डुप्लिकेट पडते. माझ्या सख्ख्या बहिणीची ठेवपावती हरवली तेव्हा तिलाही मी या चरकातून पिळून काढले होते. सांगायचा मुद्दा असा, की आमच्या धंद्यात डुप्लिकेट ही कमवावी लागते.

अशा माणसाला त्याच्याच घरात, जेवणाच्या टेबलावर, बारावीतले चिरंजीव म्हणतात, ‘‘बाबा, तुमच्या हार्ड डिस्कवर निम्म्याच्या वर डुप्लिकेट आहे. सगळा कचरा. एका क्लिकमध्ये साफ होतो.’’

यात तीन विधाने आहेत. डुप्लिकेट आहे, हे पहिले. ते खरे होते, मी मान्य करतो. तो सगळा कचरा आहे, हे दुसरे. एका क्लिकमध्ये साफ होतो, हे तिसरे. ही शेवटची दोन माझ्या मते सपशेल खोटी आहेत आणि त्यांच्याशी भांडण्यासाठीच मी आज लेखणी उचलली आहे. (लेखणी म्हणजे चिरंजीवांनी टाकून दिलेला कीबोर्ड. त्यातला ‘ळ’ दोनदा दाबावा लागतो. पण तत्त्वाचा प्रश्न आला की माणूस बोटांची पर्वा करत नाही.)

आधी आरोपीची ओळख करून देतो. पत्त्यांच्या कॅटापेक्षा किंचित मोठी, काळ्या रंगाची ही डबी मी २०१२ साली घेतली. खोक्यावर ‘एक टीबी’ लिहिले होते. घरी येऊन कॉम्प्युटरला जोडली तर ९३१ जीबी दिसले. मी तसाच पावती घेऊन दुकानात परत. ‘‘एकोणसत्तर जीबी कुठे गेले?’’ दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, सगळ्यांचे तेवढेच येतात.’’ पुढे कळले, की डिस्क करणारा हजार-हजाराने मोजतो आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीस-चोवीसने मोजतो. म्हणजे माल तोच. देणाऱ्याचे माप वेगळे, घेणाऱ्याचे वेगळे. आम्ही एखाद्या खातेदाराला, ‘‘तुमचे लाख रुपये आमच्या मोजणीने त्र्याण्णव हजार एकशे होतात’’ असे सांगितले असते, तर त्याने दुसऱ्या दिवशी बँकिंग लोकपालाचे दार ठोठावले असते.

तर त्या ९३१ जीबीत आमचा संसार भरला आहे. कसा भरला, ते फोल्डरांच्या नावांवरून कळेल. ‘फोटो’, ‘फोटो सगळे’, ‘फोटो सगळे नक्की’, ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’, ‘जुन्या लॅपटॉपमधले’, ‘जुन्या लॅपटॉपमधले राहिलेले’ आणि ‘असू दे’. मोबाइल भरला की सौ. म्हणायची, ‘‘अहो, आधी सगळं काढून ठेवा, मग पुसा.’’ मग मी सगळेच्या सगळे काढून ठेवायचो. मागच्या वेळी काय काढले होते ते आठवायचे नाही, म्हणून तेही पुन्हा काढायचो. मेहुण्याच्या लग्नाचे फोटो अशा रीतीने सहा ठिकाणी आहेत. त्या लग्नात मेहुणा एकदाच बोहल्यावर चढला होता. डिस्कवर सहा वेळा चढला आहे आणि सहाही वेळा त्याचा चेहरा तसाच घाबरलेला आहे.

काही फाइलींचे तर नावावरून वय सांगता येते. नावाच्या आधी ‘कॉपी ऑफ’ असेल तर ती विंडोज एक्सपीच्या जमान्यातली समजावी आणि नावामागे शेपूट लावल्यासारखे ‘कॉपी’ असेल तर त्यानंतरची.

तर असो. त्या रविवारी चिरंजीवांनी कुठून तरी एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला : फाइली ताडायच्या कशावरून? मजकुरावरून की नावावरून? मजकुरावरून म्हटले तर त्याला डिस्कवरची प्रत्येक फाइल वाचावी लागणार. आमच्या डिस्कवर सहाशे जीबी माल आणि कॉम्प्युटरचे भोक जुन्या पद्धतीचे. त्यातून सेकंदाला तीसेक एमबी जातात. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मी तोंडी हिशेब केला : साडेपाच तास. नावावरून म्हटले तर पंधरा मिनिटे. दुपारी दोनला मॅच होती. मी नावावर टिचकी मारली.

पंधरा मिनिटांनी यादी आली. अकरा हजारांवर जोड्या आणि सगळ्यांपुढे आधीच बरोबरच्या खुणा केलेल्या. दुसरा प्रश्न : दोघींपैकी ठेवायची कोणती? जुनी की नवी? मी म्हटले, जुनी. बावीस वर्षे ज्या खात्यात सीनियॉरिटीवर बदल्या पाहिल्या, तिथला माणूस दुसरे काय म्हणणार? तिसरा प्रश्न : ‘तुमची खात्री आहे का?’

इथे मी जरा थांबतो, कारण माझा सगळा गुन्हा याच जागी आहे. बँकेत पन्नास हजारांचे व्हाउचर असले तरी ते एकाने भरायचे आणि दुसऱ्याने तपासायचे. भरणारा तो मेकर, तपासणारा तो चेकर. मेकरला स्वतःचेच व्हाउचर पास करता येत नाही. तसे केले तर चार्जशीट मिळते. आणि इथे, अकरा हजार व्हाउचरांचा मेकरही मीच, चेकरही मीच, आणि मॅचचा टॉस झालेला. मी ‘हो’ दाबले. प्रोग्रॅमने फाइली रीसायकल बिनमध्येसुद्धा न टाकता परस्पर काढून टाकल्या आणि अभिनंदन केले : २१२ जीबी मोकळे! सौ.ने कौतुकाने चहा केला. मॅच आपण हरलो, पण मला एकूण दिवस चांगला गेल्यासारखे वाटले.

पुढे पितृपंधरवडा आला. अण्णांच्या तिथीला पाने वाढून झाल्यावर सौ. म्हणाली, ‘‘अहो, अण्णांचा तो पाढ्यांचा आवाज लावा ना.’’

अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक होते. २०१६ साली गेले. उभ्या आयुष्यात त्यांनी आपली चूक झाल्याचे कबूल केल्याचे मला, आईला, ताईला किंवा त्यांच्या हेडमास्तरांना कुणालाच आठवत नाही. पावकी, निमकी, औटकी त्यांना झोपेतून उठवून विचारावी. २०१३ साली चिरंजीव पाच वर्षांचे असताना अण्णा त्यांना मांडीवर घेऊन पाढे म्हणायचे. एकदा मी ते मोबाइलवर धरले. मोबाइलने त्याला नाव दिले ‘रेकॉर्डिंग ००१’. महिन्याभराने मी मोबाइल बदलला आणि पुन्हा एकदा अण्णांचे पाढे धरले. नव्या मोबाइलचा तो पहिलाच आवाज, म्हणून त्यानेही नाव दिले ‘रेकॉर्डिंग ००१’.

पहिल्यात अण्णा दोन ते तीस बिनचूक म्हणतात. दुसऱ्यात एकोणतिसाच्या पाढ्यात अण्णा अडखळतात. एकोणतीस साते म्हणून ‘एकशे त्र्याण्णव’ म्हणतात. मग गप्प होतात. मग म्हणतात, ‘‘थांब, थांब. चुकलो. दोनशे तीन.’’ आणि चिरंजीव खिदळतात, ‘‘आजोबा चुकले!’’ आणि मग अण्णा हसतात. मोठ्याने, खोकला येईपर्यंत हसतात. अण्णांचे हसणे आमच्या घरात एवढ्या एकाच ठिकाणी लिहून ठेवलेले होते.

मी डिस्क लावली. ‘रेकॉर्डिंग ००१’ एकच होते. त्यात अण्णा बिनचूक होते. पाढे तीसपर्यंत झाले आणि आवाज संपला. पानावरचा भात निवत होता. कुणी काही बोलले नाही.

फाइल पुसली म्हणजे लगेच नाहीशी होत नाही, ही गोष्ट मला तेव्हा कळली. कॉम्प्युटर फक्त वहीत ‘जागा रिकामी’ अशी नोंद करतो. आतला मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, तसाच पडून असतो. म्हणून तो उकरून काढणारे प्रोग्रॅमही असतात. आम्ही तेही लावून पाहिले. पण मधल्या काळात मोकळ्या झालेल्या २१२ जीबीत चिरंजीवांनी बारावीच्या क्लासचे सगळे व्हिडिओ भरले होते. अण्णांच्या हसण्यावर आता अवकलन शिकवले जात होते.

त्याचा काही दोष नाही. ‘हो’ मी दाबले होते. पण त्या रात्री मला झोप आली नाही आणि पुढे महिनाभर मी या विषयाचा, विभागीय परीक्षेलाही केला नव्हता इतका, अभ्यास केला. त्यातून जे कळले ते सांगतो.

‘डुप्लिकेट’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या जातींचे लोक कोंबलेले आहेत.

पहिली जात जुळ्यांची. अक्षर न् अक्षर तेच, फक्त दोन ठिकाणी. ही ओळखायला हुशार प्रोग्रॅम आधी फाइलींची मापे पाहतो. मापच वेगळे असेल तर पुढे विचारायचे कारण नाही. माप सारखे निघाले तर तो सगळ्या मजकुरावर गणित करून एक छोटी खूण काढतो. तिला हॅश म्हणतात. कॉमर्सवाल्यांना हा शब्द नवा नाही. जुन्या काळी व्हाउचरांच्या गठ्ठ्यावरचे खातेक्रमांक आम्ही नुसतेच बेरजेला लावायचो. त्या बेरजेला अर्थ काही नाही, पण गठ्ठ्यातले एक व्हाउचर हरवले की बेरीज बोंब मारायची. ती हॅश टोटल. आयबीएममधल्या हान्स पीटर लून नावाच्या गृहस्थाने १९५३ साली, आकड्यांवर गणित करून त्यांची जागा शोधायची ही कल्पना एका टिपणात मांडली. आपल्या डेबिट कार्डावरचा शेवटचा आकडा असतो ना, आधीचे आकडे बरोबर आहेत की नाहीत हे सांगणारा, तोही त्याच लूनसाहेबाच्या डोक्यातून निघालेला.

बेरीज लबाडी करू शकते, हे प्रत्येक कारकून जाणतो. एकीकडे शंभर जास्त, दुसरीकडे शंभर कमी, आणि ट्रायल बॅलन्स गुण्यागोविंदाने जुळलेला! हॅशचेही तसेच. एमडी-५ नावाची खूण वर्षानुवर्षे चालली. २००४ साली चिनी संशोधकांनी दोन वेगळ्या मजकुरांची एकच खूण काढून दाखवली. हल्ली एसएचए-२५६ वापरतात. तिच्या शक्य खुणांची संख्या ७८ आकडी आहे, तेव्हा मेहुण्याच्या लग्नापुरती ती पुरेशी आहे. सावध प्रोग्रॅम तर खुणा जुळल्यावरही दोन्ही फाइली शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर पडताळतात. या जुळ्यांतले एक, त्याच डिस्कवरून, खुशाल काढावे. त्यावर माझे काही म्हणणे नाही. फक्त प्रोग्रॅमांच्या स्वतःच्या फोल्डरांत हात घालू नये. तिथे एकाच नावाच्या, एकाच मजकुराच्या फाइली दोन ठिकाणी असतात त्या कुणाला तरी दोन्ही ठिकाणी लागतात म्हणून. आणि रिकाम्या फाइलींची गंमत पाहा : ज्यांच्यात काहीच नाही अशा सगळ्या फाइली यंत्राच्या हिशेबी एकमेकींच्या डुप्लिकेट! शिल्लक शून्य असलेले सगळे खातेदार म्हणजे एकच माणूस, असे म्हटल्यासारखे.

दुसरी जात नावबंधूंची. नाव एक, माणसे दोन. कॅमेऱ्याचे आकडे चार. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. म्हणजे दहा हजार फोटो काढणाऱ्या प्रत्येकाकडे ०००१ नावाचे दोन फोटो असणारच. आमच्या शाखेत एकाच नाव-आडनावाचे तीन खातेदार आहेत. उद्या मी म्हटले, ‘‘नाव तेच, तर सर्वांत जुने खाते ठेवतो, बाकीची दोन बंद करतो,’’ तर दुपारपर्यंत मी पोलीस ठाण्यात आणि माझा फोटो पेपरात. अण्णांच्या बाबतीत मी नेमके हेच केले आणि वर चहा प्यायलो.

तिसरी जात सर्वांत नाजूक. हिला मी पाठभेद म्हणतो. फोटो तोच, पण एक कॅमेऱ्यातला आणि एक व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला. दिसायला सारखे, पण व्हॉट्सअ‍ॅपने नेहमीच्या वाटेने पाठवताना फोटो दाबून लहान केलेला असतो आणि तो कधी, कुठे काढला याची आतली नोंदही गळालेली असते. मजकुरावरून ताडणाऱ्याला हे दोघे अनोळखी वाटतात. चेहऱ्यावरून ताडणाऱ्याला सारखे वाटतात आणि मग ‘नवा ठेवा’ म्हटले की बारीक, बिनतारखेचा फोटो घरात राहतो आणि मूळ फोटो उंबऱ्याबाहेर जातो. इथे यंत्राने यादी द्यावी. कात्री माणसाच्याच हातात असावी.

आता दुसऱ्या पक्षाचेही ऐकले पाहिजे. आमच्या शेजारचे काका म्हणतात, ‘‘पुसायचंच कशाला? डिस्क स्वस्त झाल्यात. आणखी एक घे.’’ त्यांच्याकडे चार आहेत. मागे त्यांच्या मुलीला पासपोर्टसाठी शाळेचा दाखला हवा होता. काकांनी तो नीट स्कॅन करून ठेवलेला. कुठे ठेवला ते शोधायला तीन रात्री लागल्या. चौथ्या दिवशी ती शाळेत जाऊन नवा घेऊन आली. जे सापडत नाही ते असून नसल्यासारखे. शिवाय काकांची समजूत अशी, की एका डिस्कवर पाच प्रती असल्या म्हणजे वस्तू पाचपट सुरक्षित. अहो काका, डबी हातातून पडली की पाचही प्रती एकाच वेळी पडतात! पाच किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवून ते जुडगे विहिरीत टाकण्यासारखे आहे हे. तेव्हा साफसफाई करावी, या मताचा मीही आहे. माझे भांडण झाडूशी नाही, डोळे मिटून झाडण्याशी आहे.

आणि डोळे उघडे ठेवून प्रती कशा ताडायच्या, हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको. पैठणला एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून किती ‘कॉपी ऑफ कॉपी ऑफ’ झाल्या असतील, विचार करा. त्या पाहून, निवडून त्यांनी पाठ ठरवला आणि यात कुणी आपली ओवी घुसडू नये असे बजावून ठेवले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तर १९१९ साली महाभारताच्या प्रती ताडायला घेतल्या. काम पुरे झाले १९६६ साली. सत्तेचाळीस वर्षे! १२५९ हस्तलिखिते पाहिली. त्यांना कुणी म्हटले नाही, ‘‘नाव एकच आहे, सर्वांत जुनी ठेवा, बाकीच्या उडवा, दोनला मॅच आहे.’’ ज्या ओळी त्यांनी मुख्य पाठात घेतल्या नाहीत, त्यासुद्धा खाली टिपांत जपून ठेवल्या. कारण चुकीच्या पाठातही काही सांगण्यासारखे असते, हे त्या पंडितांना ठाऊक होते. मला ते एकोणतिसाच्या पाढ्याने शिकवले.

जपणूक म्हणजे काय, हेही आपल्याला तुकोबांनी सांगून ठेवले आहे. गाथा इंद्रायणीतून तरली, ही भाविकांची श्रद्धा. पण ते अभंग संताजी जगनाड्यांच्या वहीत होते, गावोगावच्या टाळकऱ्यांच्या तोंडी होते. एका ठिकाणची वही बुडवता येते. इतक्या तोंडांना बुडवायला नदी पुरत नाही. आमची बँकसुद्धा, इतर बाबतींत आमची बँक असली तरी, खातेदारांची माहिती एका गावात ठेवत नाही. एक केंद्र इथे, दुसरे दूरच्या शहरात, भूकंप झाला तर दोन्ही एकदम हलू नयेत अशा बेताने. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने हेच तत्त्व घरगुती माणसासाठी तीन आकड्यांत बसवले : ३-२-१. प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि एक प्रत घराबाहेर.

घराबाहेरची प्रत काय करते, ते सांगतो. १९९८ साली पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना कुणीतरी एक चुकीची आज्ञा दिली आणि बहुतेक चित्रपट पुसला गेला. राखीव प्रत पाहिली तर तीही नीट भरत नव्हती. शेवटी लक्षात आले, की तांत्रिक विभागाच्या प्रमुख गॅलिन ससमन या बाई बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटांत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा मोटारीतून कचेरीत आणला. कोट्यवधींचा तो चित्रपट घरी पडलेल्या एका डुप्लिकेटने वाचवला. त्या आठवड्यात त्या घरात एखादे स्वच्छताप्रेमी चिरंजीव नव्हते, हे कंपनीचे नशीब.

हे वाचले आणि मला ताई आठवली.

ताई सांगलीला असते. कधीतरी एका भाऊबीजेला ती माझ्याकडून पेनड्राइव्हवर ‘घरचे सगळे’ घेऊन गेली होती. मी फोन केला. अण्णांचे पाढे तुझ्याकडे आहेत का, म्हणून विचारले.

‘‘आहेत की. दोन्ही आहेत.’’

‘‘दोन्ही?’’

‘‘एकाचं नाव ‘अण्णा पाढे’. दुसऱ्याचं ‘अण्णा चुकले’. दोन्हीचं नाव एकच होतं, मला घोटाळा व्हायला लागला, म्हणून मीच बदललं. का रे?’’

ताई बी.ए. आहे, मराठी घेऊन. तिला हॅश ठाऊक नाही, ३-२-१ ठाऊक नाही. तिने फक्त दोन्ही फाइली एकदा ऐकल्या आणि ज्याला जे शोभेल ते नाव दिले. सगळ्या शास्त्राचा जो अर्क मला महिनाभराने कळला, तो तिने दहा मिनिटांत, निवडायच्या मेथीसमोर बसून उरकला होता.

मी घडलेले सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ताई म्हणाली, ‘‘म्हणजे तुला डुप्लिकेट हवी आहे.’’

‘‘हो.’’

‘‘अर्ज कर.’’

‘‘ताई...’’

‘‘मूळ प्रत कशी हरवली, त्याचं खरं कारण लिही. मॅचचं पण लिही. स्टॅम्पपेपरवर हमीपत्र दे. आणि जामीनदार म्हणून वहिनीला फोन दे. तुझ्या सहीवर माझा विश्वास नाही.’’

पुढच्या शनिवारी बँकेला सुटी होती. मी स्वतः सांगलीला गेलो आणि पेनड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून, एसटीने घरी आलो. रात्री आम्ही सगळे बसलो. अण्णांनी पाढे म्हटले. एकोणतिसाला आले, अडखळले, थांबले. चिरंजीव खिदळले. अण्णा खोकला येईपर्यंत हसले.

सतरा वर्षांचे चिरंजीव पाच वर्षांच्या स्वतःचे हसणे ऐकत मान खाली घालून बसले होते. मग उठून त्याने फाइल डिस्कवर चढवली. मग स्वतःच्या लॅपटॉपवर चढवली. मग पुन्हा डिस्कवर, वेगळ्या फोल्डरात, आणखी एकदा.

मी म्हटले, ‘‘अरे, त्याच डिस्कवर दुसरी प्रत म्हणजे निव्वळ डुप्लिकेट. तिचा उपयोग नाही. मी एवढा अभ्यास केलाय.’’

त्याने डिस्क काढली, सौ.च्या हातात दिली आणि म्हणाला, ‘‘बाबा, असू दे.’’